त्या चौदा दिवसांचं लिहून काढ

प्रिय मित्रा,

रामराम.

काल तुझा फोन झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. "जाऊ दे, ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्याशी कशाला भांडू," म्हणालास. अरे, हे भांडण नव्हे. अपंगत्व पेन्शन नाकारली त्याविरुद्धचं अपील आहे, आणि तो तुझा हक्क आहे.

तुला आलेल्या नकाराच्या पत्रातली ती ओळ मला पाठ आहे. माझ्याही पत्रात तीच होती : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. स्टेंट बसवलेल्या छातीवर हात ठेवून मी ती तीनदा वाचली होती. भरतीच्या मेडिकलला आपण दोघं ठणठणीत होतो, कागदावर एक शेरा नव्हता. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच धरलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं मानायचं; तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. मेडिकल बोर्डानं, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं, कारणंही लिहायला हवीत. तुझ्या बोर्डाच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते आधी बघ. कागद नसेल तर माहितीच्या अधिकारात मागव.

हृदयाच्या आजारात अटॅकच्या आधीचे चौदा दिवस महत्त्वाचे. त्या दिवसांत जवानाला काय ड्युटी होती ते तपासा, असं लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच आहे. तुझे चौदा दिवस मी पाहिलेत. पोस्टवर माणसं कमी, रात्री संत्री ड्युटी, दिवसा रसद पाठीवर. शेवटच्या रात्री तू हातमोजा काढून छाती चोळत दगडाला टेकलास आणि म्हणालास, "गॅस झालाय रे." हे सगळं तारीखवार लिही. मी साक्षीचं लिहून सही करून देतो.

दुसऱ्या, मनाच्या आजाराचा विषय काढला तसा तू गप्प झालास. वहिनींनी आमच्या घरी सांगितलंय. विसर्जनाला फटाके सुरू झाले की तू गोठ्यात जातोस आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसतोस. मित्रा, यात लाजण्यासारखं काय आहे? गोळी लागली असती तर लपवली असतीस का? मिलिटरी हॉस्पिटलच्या मनोविकार वॉर्डात होतास, त्याची डिस्चार्ज स्लिप शोध. सीओनी, म्हणजे आपल्या कमांडिंग ऑफिसरनी, तुझ्या मनाच्या आजाराबद्दल भरलेला एएफएमएसएफ-१० हा अहवालाचा फॉर्मही मागव. या दोन कागदांशिवाय अर्ज लंगडा पडेल.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. तेही फेटाळलं तर दुसरं. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या दाव्यांचं न्यायाधिकरण, त्याचं मुंबई खंडपीठ. माझं तिथं झालं. वेळ गेला, पण झालं. तुझं अपंगत्व ३० टक्के धरलंय. हक्क मान्य झाला तर सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे ते ५० टक्के धरून पेन्शन मिळते. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून निघेल.

रविवारी पहिल्या एसटीनं येतोय. माळ्यावरची काळी पेटी खाली काढून ठेव, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) वर ठेव. आणि वहिनींना सांग, गोठ्याचं त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं. मी खाडाखोड करणार नाही.

तुझाच,
पलटणीतला सोबती