वाडीचे नाव छापले, मग बाईचे लपले कुठे?

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या तालुक्यातील एका अत्याचाराची बातमी आली. पीडितेचे नाव दिलेले नव्हते. मात्र तिची वाडी, वय आणि नवऱ्याचा धंदा (तो येथे पुन्हा लिहीत नाही) दिला होता, आणि शेवटी तक्रार ‘तब्बल चार महिन्यांनी’ दाखल झाल्याचे मुद्दाम सांगितले होते. अठरा-वीस घरांच्या वाडीत एवढ्यावरून ती कोण हे सगळ्यांना कळले. तक्रारीला उशीर का होतो, याचे उत्तर त्याच बातमीत होते.

मी सव्वीस वर्षे आरोग्य उपकेंद्रात नोकरी केली. डोकेदुखीची गोळी मागायला येऊन रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहणाऱ्या बायका मला हळूहळू ओळखू येऊ लागल्या होत्या. त्यांतल्या एकीला मी पोलिसांत चल म्हटले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘‘बाई, सकाळच्या एसटीचा कंडक्टर आमच्याच वाडीतला. तिकीट कुठलं मागू?’’ अत्याचार करणारा तिचा चुलत दीर होता. घर सामाईक, विहीर एक, गणपती एकाच माजघरात बसणारा. तो तुरुंगात गेला असता, तर भाद्रपदात आलेल्या चाकरमान्यांनी जाब तिलाच विचारला असता. ती गोळ्या घेऊन घरी गेली.

२०२१ साली देशात नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या ३१,६७७ गुन्ह्यांपैकी सुमारे ९६ टक्के गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. आमच्याकडे तर ठाण्याआधी गावकी बसते, आणि ‘घरातलं घरात मिटवा’ हा सल्ला न ऐकणाऱ्या घराला वाळीत पडण्याची धास्ती असते. वाळीत टाकणे हा २०१६ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, पण लग्नकार्याचे आमंत्रण आले नाही म्हणून फिर्याद कोण देणार?

पीडितेची ओळख उघड करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आडवळणानेही ओळख पटेल असा तपशील माध्यमांनी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. केवळ उशिरामुळे अशा तक्रारीवर अविश्वास दाखवू नये, हेही त्याच न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलेले आहे. तेव्हा ‘तब्बल’ हा शब्द आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीपुरता तरी विसरावा आणि वाडीऐवजी जिल्ह्याचे नाव द्यावे. वाचलेल्या जागेत, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही आणि जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, एवढे छापावे. बहिणीकडे डोंबिवलीला गेलेली बाई तेथूनही गुन्हा नोंदवू शकते, हे मलाही नोकरीत असताना कुणी सांगितले नव्हते.

पत्राखाली माझे नाव किंवा गाव कृपया छापू नये. उपकेंद्र कोणते हे कळले, की बाकावरची ती बाई कोण हे ओळखायला आमच्याकडे वेळ लागणार नाही.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. रत्नागिरी