दिवा हिरवा, डिस्क गायब: स्विच रीस्टार्ट करण्याआधी काउंटर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की ‘सर्व्हर डाउन’ एवढ्या दोन शब्दांत बातमी आटोपते. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. त्याला त्याची डिस्कच दिसत नसते. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये सर्वांत आधी होणारी चूक म्हणजे स्विच रीस्टार्ट करणे. त्याने काही वेळ सगळे सुरळीत दिसते, पण बिघाडाची मोजदाद ज्या काउंटरांत असते ते शून्यावर जातात आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. कन्व्हर्ज्ड स्टोरेज नेटवर्क सांभाळणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरला दोन जाळी लागत: साध्या वाहतुकीसाठी इथरनेट आणि डिस्कसाठी फायबर चॅनेल. कार्ड वेगळी, केबल वेगळ्या, स्विचही वेगळे. एफसीओईने (फायबर चॅनेल ओव्हर इथरनेटने) फायबर चॅनेलची फ्रेम, म्हणजे डेटाचे पाकीट, इथरनेटच्या फ्रेममध्ये बसवली आणि दोन्ही वाहतुकी एका केबलवर आणल्या. फायबर चॅनेलची मानके ठरवणाऱ्या टी-११ समितीचे एफसी-बीबी-५ हे त्यासाठीचे मानक २००९ मध्ये पूर्ण झाले. केबल आणि कार्डे कमी झाली हे खरेच. मात्र दोन्ही जाळ्यांचे स्वभाव वेगळे आहेत. फायबर चॅनेलमध्ये समोरच्याने जागा असल्याचे क्रेडिट दिल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. इथरनेट मात्र बफर (तात्पुरती साठवण) भरला की फ्रेम सरळ टाकून देते. ही दरी पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल), म्हणजे ८०२.१क्यूबीबी हे मानक, भरून काढते: आठ प्राधान्यांपैकी फक्त एकाला ‘थांब’ (पॉज) सांगायचे, बाकीची वाहतूक चालू ठेवायची. कोणत्या वर्गाला किती बँडविड्थ हे ईटीएस ठरवते, आणि या दोन्ही गोष्टींवर स्विच व सर्व्हर यांची सहमती डीसीबीएक्स घडवून आणते. बहुतेक दुखणी या सहमतीत असतात, केबलमध्ये नसतात.

कॉन्फिगरेशनमध्ये क्रम फार महत्त्वाचा आहे. सिस्कोच्या नेक्सस ५५०० या स्विच-मालिकेचे उदाहरण घेऊ. तेथे एफसीओई फीचर चालू केले म्हणून नो-ड्रॉप वर्ग, म्हणजे ज्यातली फ्रेम टाकायची नाही असा वाहतुकीचा वर्ग, आपोआप लागू होईलच असे नाही. ‘सिस्टम क्यूओएस’ (वाहतुकीच्या प्राधान्याची सेटिंग) खाली चार पॉलिसी लावाव्या लागतात: क्यूओएस इनपुट, क्यूइंग इनपुट, क्यूइंग आउटपुट आणि नेटवर्क-क्यूओएस. त्या राहिल्या तर व्हीएफसी, म्हणजे आभासी फायबर चॅनेल पोर्ट, चालू होत नाही आणि माणूस विनाकारण एसएफपी (केबल जोडण्याचे मॉड्यूल) बदलत बसतो. या वर्गाचे प्राधान्य ३ आणि एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल डेटा) २१५८ बाइट असतो. फायबर चॅनेलच्या एका फ्रेममध्ये २११२ बाइटपर्यंत डेटा असतो, त्यावर २४ बाइटचे हेडर. एफसीओईत फ्रेमचे तुकडे करता येत नाहीत, त्यामुळे नेहमीचा १५०० चा एमटीयू येथे चालतच नाही.

यानंतर व्हीलॅन (इथरनेटचा आभासी विभाग) आणि व्हीसॅन (स्टोरेज जाळ्याचा आभासी विभाग) यांची जोडी. एफसीओईला स्वतंत्र व्हीलॅन द्यावा. तो व्हीलॅन १ नसावा, नेटिव्ह (टॅगशिवाय जाणारा) व्हीलॅनही नसावा. पण ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर) नेटिव्ह व्हीलॅन चालू राहिला पाहिजे, कारण ‘माझा एफसीओई व्हीलॅन कोणता’ ही सर्व्हरची पहिली विचारणा टॅगशिवाय येते. सुरक्षेच्या नावाखाली ट्रंकची यादी आवळून फक्त एफसीओई व्हीलॅन ठेवला की ही विचारणा अनुत्तरित राहते. पोर्ट ‘एज ट्रंक’ प्रकारचा करावा. व्हीएफसी तयार करून तो इथरनेट पोर्टला बांधावा, व्हीसॅनमध्ये टाकावा आणि ‘नो शटडाउन’ इथरनेट पोर्टवर तसेच व्हीएफसीवर, दोन्हीकडे द्यावे.

एका बाबतीत तडजोड नको. जाळी एकत्र आली म्हणून ए आणि बी फॅब्रिक (डिस्ककडे जाणारे दोन स्वतंत्र मार्ग) एकत्र करायची नसतात. ए स्विचवर व्हीलॅन १०१ आणि व्हीसॅन १०१, बी स्विचवर १०२ आणि १०२; दोन स्विचमधल्या व्हीपीसी पीअर लिंकवर (दोन स्विच सर्व्हरला एकच भासवणाऱ्या व्हीपीसीच्या जोडणीवर) या दोहोंपैकी एकही व्हीलॅन जाता कामा नये. ‘ऑल’ लिहून ट्रंक मोकळा सोडला की एका बाजूचा गोंधळ दुसऱ्या बाजूला पोहोचायला वाट मिळते, आणि दोन मार्ग ठेवण्याचा हेतूच संपतो. व्हीपीसीमधून एफसीओई न्यायचे असेल तर सर्व्हरची प्रत्येक स्विचवर एकच केबल असावी. सर्व्हर सॅनवरून (स्टोरेज जाळ्यावरच्या डिस्कवरून) बूट होत असेल तर आणखी एक अडचण येते: बूट होताना एलएसीपी (अनेक केबल एकत्र बांधण्याचा प्रोटोकॉल) बोलणारी ऑपरेटिंग सिस्टम अजून उठलेली नसते, म्हणून स्विच पोर्ट निलंबित करतो. तेथे ‘नो एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल’ द्यावे आणि व्हीएफसी पोर्ट-चॅनेलला (एकत्र बांधलेल्या पोर्टना) न बांधता प्रत्यक्ष पोर्टला बांधावा.

आता बिघाड शोधण्याविषयी. वरपासून खालपर्यंत सगळे तपासत बसण्यापेक्षा मधोमध घाव घालावा. ‘शो फ्लोगी डेटाबेस’ ही लॉगिन झालेल्यांची यादी दाखवणारी आज्ञा द्यावी. सर्व्हरचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा कायमचा पत्ता) तेथे असेल तर लिंक, डीसीबीएक्स, व्हीलॅन, लॉगिन सगळे जमले आहे. उरले झोनिंग (कोणी कोणाशी बोलायचे याची स्विचवरची यादी) आणि स्टोरेजवरचे लन मास्किंग (कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसावी ते). ‘शो झोनसेट अ‍ॅक्टिव्ह’मध्ये नावाआधी तारका नसलेला सदस्य लॉगिन झालेला नाही किंवा त्याचा पत्ता चुकीचा टाइप झाला आहे. झोनिंगबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही: एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (डिस्क मागणारा सर्व्हरचा पोर्ट) ठेवा.

फ्लोगी यादीत नाव नसेल तर खाली उतरा. व्हीएफसी ‘इनिशियलायझिंग’ दाखवत असेल तर त्या व्हीसॅनमध्ये सर्व्हरकडून लॉगिन आलेलेच नाही असा अर्थ घ्यावा. ‘शो एलएलडीपी डीसीबीएक्स इंटरफेस’ने पलीकडून काय येते ते पाहा. एकाच पोर्टवर एलएलडीपीचे (डीसीबीएक्स ज्यावर चालते त्या, शेजाऱ्याला ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलचे) दोन शेजारी दिसले तर खूण पटली: कार्डाच्या फर्मवेअरमधला एक आणि ऑपरेटिंग सिस्टम किंवा हायपरव्हायजरमधला दुसरा, असे दोघे एकाच वेळी बोलत आहेत. अशा स्थितीत डीसीबीएक्सची सहमती टिकत नाही. त्यातला एक बंद करावा. सीईई आणि आयईईई या डीसीबीएक्सच्या दोन आवृत्त्या जुळत नसल्या तरी हेच होते. अशा वेळी वैतागून स्विचवर पीएफसी ‘ऑन’ लादण्याचा मोह होतो. समोरचे कार्ड ते मानत नसेल तर स्विच ‘थांब’ म्हणत राहतो, सर्व्हर पाठवत राहतो आणि नो-ड्रॉप वर्गातच फ्रेम गळू लागतात. लादायचेच असेल तर दोन्ही टोकांना लादा आणि तशी नोंद ठेवा.

लॉगिन होते पण थोड्या वेळाने तुटते, हा प्रकार वेगळा. एफसीओई स्विच ठरावीक काळाने मल्टिकास्ट जाहिरात, म्हणजे अनेकांना एकदम जाणारी सूचना, पाठवतो. नेहमीचा काळ ८ सेकंद. अडीच पाळ्या, म्हणजे २० सेकंद, काही ऐकू आले नाही तर सर्व्हर लॉगिन सोडून देतो. मधल्या एखाद्या स्विचवर मल्टिकास्टला मर्यादा घातली आहे का, किंवा इथरटाइप (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा) ८९१४ अडवला जातो आहे का, ते पाहा. एफसीओईचा डेटा ८९०६ वर चालतो आणि हा शोध-लॉगिनचा संवाद ८९१४ वर; एक उघडून दुसरा विसरला की हीच लक्षणे दिसतात.

एनपीव्ही (लॉगिन स्वतः न हाताळता वरच्या स्विचकडे पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांना एक सूचना. वरच्या स्विचवर एनपीआयव्ही (एका पोर्टवर अनेक लॉगिन घेण्याची सोय) चालू नसेल तर खालचे काहीच लॉगिन होत नाही. चालत्या नेक्ससवर ‘फीचर एनपीव्ही’ दिले तर कॉन्फिगरेशन पुसले जाऊन स्विच रीबूट होतो. फक्त एफसीओई असेल तर ‘फीचर एफसीओई-एनपीव्ही’ वापरावे, त्याला हे लागत नाही.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे संथपणा. काहीच बंद पडत नाही, पण डेटाबेस रखडतो आणि बोट स्टोरेजकडे दाखवले जाते. ‘शो इंटरफेस प्रायॉरिटी-फ्लो-कंट्रोल’मध्ये दोन आकडे असतात: आलेले पॉज (आरएक्स) आणि पाठवलेले पॉज (टीएक्स). आरएक्स वाढत असेल तर समोरचे उपकरण स्विचला थांबवत आहे. टीएक्स वाढत असेल तर स्विच समोरच्याला थांबवत आहे. समजा एक सर्व्हर आलेला डेटा वेळेत उचलत नाही. त्याच्या पोर्टवर आरएक्स वाढतो, स्विचचा बफर भरतो, मग तो स्विच आपल्या वरच्या स्विचला थांबवतो, आणि शेवटी स्टोरेजच्या पोर्टवर टीएक्स वाढू लागतो. गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या एका ट्रकने हमरस्ता तुंबावा तसे त्या वर्गातले सगळेच सर्व्हर रखडतात. एका पॉजचा कमाल काळ ६५,५३५ क्वांटा असतो; एक क्वांटा ५१२ बिटांचा, म्हणजे १० गिगाबिटवर एका पॉजने सुमारे ३.३६ मिलिसेकंद वाहतूक थांबू शकते. म्हणून माग काढताना स्टोरेजच्या पोर्टपासून सुरुवात करा आणि प्रत्येक स्विचवर आरएक्स वाढणारा पोर्ट धरून पुढे जा. ज्या पोर्टच्या पलीकडे स्विच नसून सर्व्हर आहे तेथे हा माग संपतो, आणि दोषी तोच. आकडे साठत जाणारे असतात, त्यामुळे एकदा पाहून काही कळत नाही. १० सेकंदांच्या अंतराने दोन-तीन वेळा घेऊन फरक काढा. पॉज दिसला म्हणजे बिघाड, असेही नाही. थोडा पॉज हे या जाळ्याचे रोजचे काम आहे. सतत आणि एकाच पोर्टवर वाढणारा आकडा चिंतेचा.

नो-ड्रॉप वर्गातला ड्रॉप मात्र शून्यच हवा. तो वाढत असेल तर केबलची लांबी विचारात घ्या. ‘थांब’ हा निरोप पोहोचेपर्यंत वाटेत असलेल्या फ्रेमना जागा लागते. प्रकाशाला फायबरमध्ये मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १०० मीटर केबलवर जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद, म्हणजे १० गिगाबिटवर १२५० बाइट आणि १०० गिगाबिटवर १२,५०० बाइट. हे फक्त केबलचे झाले. आधीच निघालेली पूर्ण फ्रेम आणि उपकरणाचा प्रतिसादाचा वेळ त्यात मिळवावा लागतो. नेक्सस ५००० मध्ये मूळ सेटिंग ३०० मीटरपर्यंतचे आहे. ३ किलोमीटरची केबल टाकून बफर आणि पॉजची मर्यादा तशीच ठेवली तर गळती ठरलेली.

सीआरसी (फ्रेम खराब झाली का ते सांगणारा तपासणीचा आकडा) चुकांबाबत एक धोका लक्षात ठेवावा. कट-थ्रू स्विच फ्रेमचे शेपूट येण्याआधीच डोके पुढे पाठवतो, आणि तपासणीचा आकडा तर शेपटात असतो. त्यामुळे खराब फ्रेम थांबत नाही. ती पुढच्या प्रत्येक पोर्टवर चूक म्हणून मोजली जाते. चूक दिसली त्या पोर्टची केबल बदलणे अनेकदा वाया जाते. वाटेच्या उलट दिशेने मागे जा आणि जेथे ती पहिल्यांदा मोजली गेली तो पोर्ट पकडा. तेथे कनेक्टर आधी स्वच्छ करा, एसएफपी बदलण्याचा विचार नंतर.

नव्या उभारणीत एफसीओई मागे पडत आहे हे आम्हाला मान्य आहे. रेड हॅट लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीतून सॉफ्टवेअर एफसीओई काढूनच टाकले आहे. पण पीएफसीवर चालवलेल्या आरओसीई-व्ही२ लाही (इथरनेटवरून थेट दुसऱ्या सर्व्हरच्या मेमरीत डेटा नेण्याच्या पद्धतीलाही) वरचा जवळपास सगळा हिशेब लागू पडतो. ती वाहतूक यूडीपी ४७९१ वर आणि राउटरमधून जाते, म्हणून वर्गवारी डीएससीपीवर (आयपी हेडरमधल्या प्राधान्याच्या खुणेवर) करावी लागते. आयएससीएसआय (आयपी जाळ्यावरून डिस्क देण्याची पद्धत) टीसीपीवर असल्याने गळती सोसते, पण एमटीयूचा घोळ सोसत नाही. लॉगिन होते, डिस्क दिसते, मोठे वाचन सुरू झाले की अडकते: हे लक्षण दिसले की ८९७२ बाइटचा, तुकडे न करण्याची अट घातलेला पिंग दोन्ही टोकांकडून मारून पाहा. ९००० च्या मोठ्या एमटीयूमधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा करून हा आकडा येतो. वाटेत एकाही पोर्टचा एमटीयू १५०० राहिला असेल तर पिंग परत येत नाही.

रीस्टार्ट अटळच असेल तर त्याआधी पॉज, ड्रॉप, सीआरसी, डीसीबीएक्स आणि फ्लोगी यांचे आउटपुट वेळेसह फाइलमध्ये काढून ठेवावे. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. व्यवस्थापनाने ती पाच मिनिटे अभियंत्याला द्यावीत, अशी आमची कळकळीची मागणी आहे. तसेच देखभालीच्या ठरलेल्या वेळेत ए बाजूचे व्हीएफसी मुद्दाम बंद करून प्रत्येक सर्व्हरवर बी मार्गाने वाचन-लेखन चालू राहते का ते तपासावे, मग ए पूर्ववत करून, त्याचे मार्ग सर्व्हरवर परत आल्याची खात्री झाल्यावरच, बी बंद करून पाहावे.

आपले,
स्टोरेज नेटवर्क सांभाळणारे काही अभियंते