रेफरल लेटरसाठी किती हेलपाटे?

संपादक साहेब, आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना 2018 साली आली, बीपीएल कार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंतचा इलाज फुकट, चांगलंच आहे की, पण इमर्जन्सी नसेल तर खाजगीत जायला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं आणि तिथंच गाडं अडतं. आईच्या ऑपरेशनसाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातनं तीन हेलपाटे झाले, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा सर्व्हर डाऊन, तिसऱ्यांदा कागद मिळाला तर सगळा कन्नडमध्ये, शेजारच्या पोराकडनं वाचून घेतला. आई म्हणाली, राहू दे बाबा, दुखणंच बरं. एपीएलवाल्यांना, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, तर सरकारनं ठरवलेल्या इलाजाच्या दराच्या (पॅकेजच्या) 30 टक्केच मिळतात, बाकीचं कर्ज काढून.

2023 ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना दिली, त्यावरनं दोन्हीकडचे पुढारी भांडले (आमचं दुखणं तेवढं पेपरात आलं). भांडा बापडे, पण निदान रेफरल तालुक्यातच एका दिवसात मिळू दे आणि काउंटरवर मराठीत चार ओळींचा बोर्ड लावा.

– एक वाचक, खानापूर तालुका