संरक्षणमंत्री साहेब, 'ठीक आहे' एवढंच कळवायची सोय करा

मा. संरक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

मी एका जवानाची बायको. एप्रिल २०२५ मध्ये हे सुट्टीवर आले होते, पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला आणि चार दिवसात युनिटमधून बोलावणं आलं, अर्धी सुट्टी तशीच टाकून गेले. त्याबद्दल तक्रार अजिबात नाही, फौजीच्या घरात ते माहीतच असतं. पण ७ मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि ह्यांचा फोन बंद. पोस्टवर मोबाइल जमा करून घेतात, का घेतात तेही कळतं. इकडे घरात मात्र टीव्ही चालू, दर तासाला नवीन स्फोट, नवीन शहर, खरं किती खोटं किती काही पत्ता नाही, सासूबाई जेवायला उठेनात, मुलगा विचारतोय पप्पा कुठायत. एका हेल्पलाइनवर फोन लावला तर नुसती रेकॉर्डिंग, तीही इंग्रजीत. १० तारखेला शस्त्रसंधी झाली आणि ह्यांचा फोन आला १२ ला दुपारी. दोन मिनिटं बोलले, त्यातलं एक मी रडण्यात घालवलं.

नंतर घरी आल्यावर सांगत होते, बंकरमध्ये सगळ्यांचं हेच चाललेलं. सेंट्री ड्युटी संपवून आलेला माणूस झोपायचं सोडून घरचा विषय काढतो, कुणाची बायको बाळंतपणाला आलेली, कुणाचे वडील दवाखान्यात. आधी उंचावरच्या पोस्टवर असताना सॅटेलाइट फोनला लाइन लागायची आणि ज्याच्या घरी अडचण त्याला बाकीचे आपला नंबर द्यायचे. त्या फोनचा कॉल तुमच्याच सरकारने २०१७ च्या दिवाळीत ५ रुपये मिनिटावरून १ रुपयावर आणला, त्याचा आम्हाला खरंच खूप आधार झाला. पण लढाईच्या दिवसात तोही मिळेलच असं नाही.

गुप्तता पाळायलाच हवी साहेब. पण सासरे फौजेत होते तेव्हा पत्रावर नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, एवढंच लिहायचो, गावाचं नाव नाही तरी पत्र पोचायचं आणि माणूस कुठेय ते कुणाला कळायचं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत तर छापील कार्ड होतं, 'मी ठीक आहे', 'दवाखान्यात आहे' अशी वाक्यं, नको ती खोडायची, वर एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकणार. शंभर वर्षांपूर्वी जमत होतं ते आज मोबाइलवर का जमू नये?

माझं मागणं एवढंच. ऑपरेशन चालू असताना घरच्या नोंदवलेल्या नंबरवर युनिटकडून एक मेसेज यावा, जागा नको, वेळ नको, उशिरा आला तरी चालेल. रोजचा पण नको, कारण एखादा दिवस चुकला तर घरचे जीव टांगणीला लावून बसतील, तीन-चार दिवसांनी एकदा पुरे. मराठीत यावा. आणि सासूबाईंना वाचता येत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तो बोलून ऐकवणारा कॉल असला तर फार बरं होईल.

तुमची,
एका जवानाची बायको