देवाकडं तक्रार करायची मुभा आहे

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. मागच्या रविवारी आपल्या पेपरात मनःशांतीवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, वाद नाही, पण त्यात एक वाक्य होतं की श्रद्धाळू माणूस संकटातसुद्धा हसतमुख राहतो, आणि तिथं मी चहाचा कप खाली ठेवला. मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळायला वेळ लागतोय), तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, रोज संध्याकाळी घरात प्रार्थना असते, आणि 2021 मध्ये सहा महिने मी हसलेलो नाही. म्हणून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्या वर्षी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 2 एप्रिलला होता, चर्चमध्ये गर्दी करायची नव्हती म्हणून आम्ही बारा ते तीनची उपासना घरीच मोबाईलवर लावली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार चाललेत आणि मागच्या खोलीत भाऊ खोकतोय. सोमवारी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन 84 दाखवायला लागलं. मग बेडसाठी फिरणं, इंजेक्शनसाठी मेडिकलसमोर पहाटेपासून लाईन, ते सगळं तेव्हा तुमच्याच पेपरात रोज येत होतं, परत सांगत नाही. अकराव्या दिवशी फोन आला. दफनभूमीत आम्ही चारच जण, पाळकसाहेब (आमचे पास्टर) लांब उभे राहून वाचत होते, मास्कमधून अर्धं कळतच नव्हतं, आणि आईला तर आणलंच नाही.

त्यानंतर जे फोन आले ना साहेब, त्यांनी जास्त त्रास दिला. देवाची इच्छा म्हणे, चांगली माणसं देवाला आधी लागतात म्हणे. प्रार्थनेनं आजार बरा करतो म्हणणाऱ्या एका मीटिंगवाल्यांनी तर घरी येऊन सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला, आमच्याकडं आला असता तर वाचला असता, आणि आईला विचारलं की तुमचा भरवसा गोळ्यांवर आहे का प्रभूवर. आईनं त्यांना चहा दिला आणि त्यांच्यासमोरच बीपीची गोळी घेतली.

पवित्र शास्त्रात (म्हणजे बायबलात) ईयोबाची गोष्ट आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आले, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते गप्प बसले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, तूच काहीतरी पाप केलं असशील म्हणाले, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. मला ही गोष्ट संडे स्कूलपासून पाठ होती, कळली 2021 ला.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, आम्ही ताई म्हणतो. लॉकडाऊन सैल झाल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी त्या यायच्या, डब्यात दोन बाजरीच्या भाकऱ्या आणि शेपूची भाजी, आईशी थोडं बोलायच्या, बायबलातलं एक स्तोत्र वाचायच्या आणि निघायच्या. उपदेश नाही, काही नाही. मी बाहेर ओट्यावरच बसायचो, आत जायचोच नाही, कारण माझी प्रार्थना बंद पडली होती. एका गुरुवारी त्यांनी 13वं स्तोत्र काढलं. त्यात पहिल्या दोन ओळींतच चार वेळा देवाला विचारलंय की अजून किती दिवस, अजून किती दिवस तू मला विसरणार, तोंड लपवणार. मी ओट्यावरून उठून आत आलो आणि म्हटलं, ताई हे असं देवाला बोललेलं चालतं का. त्या चष्मा काढून म्हणाल्या, अरे हे पण शास्त्रातच छापलंय, मी काय घरून लिहून आणलं नाही.

मग मीच वाचत बसलो. 150 स्तोत्रं आहेत, त्यातली तिसरा हिस्सा तरी रडगाणी, भांडणं, तक्रारी. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी धीर देणारी एक ओळ सुद्धा नाही. आणि वधस्तंभावर येशू जे ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे मरताना त्यानंही तक्रारच केली, आणि ती देवाकडंच केली. आपल्याकडं तुकोबा विठ्ठलाशी भांडले त्याचं कुणाला नवल वाटत नाही, मग ख्रिस्ती माणसानंच कायम शहाण्या मुलासारखं का वागायचं.

पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 ला भाऊ गेला, 1882 ला नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पदरात लहान मुलगी. 1883 ला बाप्तिस्मा घेतला, पुढं केडगावला (आमचं नगरजवळचं नाही, दौंडकडचं) मुक्ती मिशन, दुष्काळातल्या शेकडो मुली आणून सांभाळल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणायचं काम म्हातारपणापर्यंत चालू, छापखाना सुद्धा तिथल्या बायकाच चालवायच्या. 1921 ला ती एकुलती मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाई गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला. मला राहून राहून वाटतं, लेक गेल्यावर ते शेवटचे महिने बाई काय प्रार्थना करत असतील. हसतमुख असतील असं काय मला वाटत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर शांती आली म्हणजे काय झालं, तर झोप यायला लागली. देवाला रात्री ओट्यावर बसून मनातलं सगळं ऐकवायचो, त्यात शिव्या पण असतील, आणि मग झोप लागायची. डॉक्टरांची गोळी पण चालू होती, लपवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना म्हणतो मी माझी शांती तुम्हाला देतो, जग देतं तशी नाही, हे वाक्य आमच्याकडं कॅलेंडरवर फुलांच्या फोटोसोबत छापतात, पण हे तो बोलला त्याला पकडून नेलं त्या रात्री, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ होता.

आता घरी रोजची प्रार्थना परत सुरू आहे. आई सगळ्यांची नावं घेते, नातवंडं, सुना, शेजारचे काका ज्यांचं डायलिसिस चालू आहे, आणि मध्येच भावाचं नाव घेते, जसं काय तो ड्युटीवर गेलाय. आमच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येतात, त्यांना हे चांगलं माहीत आहे, ते डोळे मिटून ऐकतात आणि आमेन म्हणतात.

आपला एक जुना वाचक,
अहिल्यानगर