पुरवणीतला सीस्तान अर्धाच होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत इराण-अफगाण सरहद्दीवरच्या इंग्रज-रशियन चढाओढीवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि मग राहवेना म्हणून लिहायला बसलो. लेख वाचायला छान आहे, लेखकाची मेहनतही दिसते, पण सगळा मामला बुद्धिबळाच्या भाषेत सांगितलाय, ह्याने घोडा पुढे केला, त्याने वजीर सरकवला, आणि ज्या पटावर हे चाललं होतं त्या सीस्तान नावाच्या सरहद्दीवरच्या मुलखातली माणसं, त्यांची नदी, आणि ह्या सगळ्याचा खर्च कोणाच्या खिशातून गेला ह्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. हा डाव हिंदुस्थानच्या नावानं खेळला गेला, बराचसा हिंदुस्थानच्याच पैशानं खेळला गेला आणि जाताना तिथे पाण्याचं एक भांडण सोडून गेला जे अजून मिटलेलं नाही. हे मराठी पेपरने सांगायला पाहिजे, आणि इंदूरच्या वाचकाला तर आधी.

सीस्तान आपल्याला वाटतं तितका परका नाही हो. हे नावच मुळात शकस्थान, शकांचा मुलूख. आपल्या घरातल्या पंचांगात जे शके लिहितात तेच हे शक, ज्यांचे क्षत्रप इथून तासाभराच्या अंतरावर उज्जैनला राज्य करत होते आणि ज्यांच्याशी आपले सातवाहन झुंजले. आमच्या लहानपणी इंदुरात तालमीतले पैलवान रुस्तुम-ए-हिंद किताबाची गोष्ट करायचे, तो रुस्तुमही इराणी दंतकथेत सीस्तानचाच.

आता इंग्रजांकडे येतो. माल्कम हे नाव माळव्यात कोणाला सांगावं लागत नाही. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला आणि इंदुरात रेसिडेन्सी बसली, त्यामागचा हा माणूस. पण महिदपूरच्या आधी माल्कम इराणात काय करत होता हे आपण शाळेत शिकत नाही. 1801 मध्ये त्याने शहाशी तह केला, तेव्हा भीती फ्रेंचांची आणि अफगाणांची होती, रशिया नंतर आला. आणि 1810 मध्ये त्यानेच क्रिस्टी आणि पॉटिंजर असे दोन तरुण अफसर बलुचिस्तानातून पाठवले, मुंबईच्या एका हिंदू घोडेव्यापाऱ्याचे गुमास्ते असल्याचं सोंग घेऊन. नुश्कीला दोघांनी रस्ते वेगळे केले, पॉटिंजर केरमानकडे गेला आणि क्रिस्टी सीस्तानातून हेरातला पोचला. दोनच वर्षांनी इराणी फौजेबरोबर रशियनांशी लढताना क्रिस्टी मेला. म्हणजे सीस्तानची पहिली इंग्रजी टेहळणी ज्याच्या हुकुमावरून झाली, त्यानेच आठ वर्षांत आपल्या होळकरांच्या तहाचा मसुदा ठरवला.

दुसरं नाव ड्युरंड. 1 जुलै 1857 ला सआदत खान आणि होळकरांच्या फौजेतले लोक रेसिडेन्सीवर चालून गेले तेव्हा तिथला इंग्रज सरकारचा एजंट होता कर्नल हेन्री ड्युरंड, तो तिथून सीहोरला निघून गेला. त्याच सीहोरला, इथून दीडशे किलोमीटरवर, 1850 मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा मॉर्टिमर ड्युरंड. 1893 ची ड्युरंड रेषा त्याचीच, ती आजपण अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या रोजच्या बातम्यांत आहे. पण तो पुढे 1894 ते 1900 तेहरानला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, होता हे किती जणांना माहीत आहे? सीस्तानची चढाओढ पेटली ती ह्याच वर्षांत. नसरताबाद, ज्याला आज झाबोल म्हणतात, तिथे धुळीने भरलेल्या गावात आधी रशियन कॉन्सुल येऊन बसला आणि मागोमाग इंग्रज. कस्टमचे नाके इराणने बेल्जियन अफसरांकडे दिले होते, ते रशियाच्या बाजूचे आहेत असा इंग्रजांना संशय, आणि इंग्रज अफगाणिस्तान गिळून इकडे येतील असा रशियाला संशय.

ह्यात प्लेगचा भाग मला सगळ्यात जास्त लागला. 1896 ला मुंबईत प्लेग आला, पुण्यात रँडने घराघरात सोजीर घुसवले, ते आपण जाणतो. त्याच प्लेगचं कारण पुढे करून रशियाने इराणच्या खोरासान प्रांताच्या सरहद्दीवर तुर्बत-ए-हैदरीकडे डॉक्टर आणि कोसॅक घोडेस्वार बसवले, म्हणे रोग अडवायला, आणि त्याच नाक्यांवर हिंदुस्थानातून येणारा माल अडकून पडायचा. आपल्याकडची माणसं मरत होती आणि तिकडे त्याच आजाराचा उपयोग व्यापार तोडायला होत होता! उत्तर म्हणून इंग्रजांनी क्वेट्यापासून नुश्कीवरून सीस्तानपर्यंत वाळवंटातून रस्ता काढला, जागोजागी विहिरी खणल्या, ठाणी बसवली, वाण्यांना दुकानं घालायला लावली. क्वेट्याहून नुश्कीपर्यंत रेल्वे 1905 ला पोचली. लक्षात घ्या, हे काम चालू असताना 1899-1900 चा दुष्काळ माळव्यात होता, ज्याला इथले म्हातारे छप्पनिया म्हणायचे. आमची आजी त्या सालाच्या गोष्टी तिच्या सासूकडून ऐकलेल्या सांगायची, झाडांच्या सालीचं पीठ करून खाल्लेलं. इराणातल्या वकिलातीचा आणि कॉन्सुलांचा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात होता. गोपाळकृष्ण गोखले 1897 ला लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, दादाभाई त्या कमिशनचे मेंबर होते. सरहद्दीपलीकडचा साम्राज्याचा खर्च गरीब रयतेवर का, हेच तर आपले लोक विचारत होते. तुमच्या लेखात कर्झन दहा वेळा आलाय, गोखले एकदाही नाहीत.

आता नदी. माझी पूर्ण नोकरी नहर खात्यात गेली म्हणून हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

सीस्तान म्हणजे हेलमंद नदीचं टेल, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं ते टोक. नदी अफगाणिस्तानच्या डोंगरातून हजार किलोमीटरच्या वर येते आणि शेवटी हामून नावाच्या उथळ तळ्यांत जिरते. तिला समुद्र नाही. उन्हाळ्यात तिथे चार महिने वारा वाहतो, त्याला तिकडे एकशेवीस दिवसांचा वाराच म्हणतात, तळं भरलेलं असलं की तो थंड लागतो आणि सुकलं की तोच वारा तळातली माती उचलून घरात भरतो. 1872 मध्ये गोल्डस्मिड नावाच्या इंग्रज जनरलने इराण-अफगाण वाद मिटवायला पंच म्हणून बसून निवाडा दिला आणि काही लांबीपर्यंत नदीचा मुख्य प्रवाह हीच सीमा ठरवली. ज्याने कधी गाळाची नदी पाहिलीय तो सांगेल की असं करू नये. 1896 च्या पुरात हेलमंदने पात्र बदललं आणि पश्चिमेला सरकली, मग सीमा जुन्या पात्रात का नव्या? 1902 ला पाणी कमी पडलं आणि भांडण हातघाईवर आलं.

मग मॅकमहोन आला. मॅकमहोन म्हटलं की आपल्याला अरुणाचलची मॅकमहोन रेषा आठवते, पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1903 ते 1905, तो मोठा लवाजमा घेऊन सीस्तानात तळ ठोकून होता. त्याने पाण्याची मोजणी केली आणि सांगितलं, बंदर-ए-कमाल खान ह्या ठिकाणी नदीत जेवढं पाणी येईल त्याचा एक तृतीयांश इराणचा. ऐकायला सरळ आहे. पण एक तृतीयांश पाणी कागदावर देणं आणि टेलच्या शेतात देणं ह्यात फार फरक आहे. मी गेजवर, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीपाशी, उभा राहिलोय, भिंतीवर रंगवलेले आकडे, अर्धे शेवाळ्याखाली, बॅटरीच्या उजेडात रात्री दोनला वाचायचे, आणि मागे टेलच्या गावचे पाच-सहा जण उभे, आम्हाला दाखवा साहेब, रजिस्टरमध्ये काय लिहिता ते दाखवा. वरच्या गावाने रात्री गेट दोन इंच उचललं की खालची पाळी कोरडी जाते. म्हणून सगळा विश्वास आकडा वाचणाऱ्यावर असतो. मॅकमहोनलाही हे कळत होतं, त्याने निवाड्यात अट घातली की पाणी नीट वाटलं जातंय का ते पाहायला एक इंग्रज इंजिनियर कायमचा सीस्तानात राहील. आणि तिथेच सगळं फिसकटलं. पाणी मोजायच्या नावाने इंग्रज अफसर आपल्या मुलखात कायमचा बसणार हे इराणला मान्य होईना, रशियाला तर मुळीच नको होतं, आणि इराणने निवाडा नाकारला. एरवी जे काम एखादा तटस्थ गेज-रीडर करू शकला असता ते साम्राज्याच्या संशयात बुडालं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं कारण मोजणी चांगली झाली होती.

पुढे 31 ऑगस्ट 1907 ला सेंट पीटर्सबर्गला इंग्रज आणि रशियनांनी आपसात करार करून इराण वाटून घेतला, उत्तर रशियाकडे, सीस्तान-केरमान-बंदर अब्बासची बाजू इंग्रजांकडे, मधला पट्टा मोकळा. इराणला विचारलंसुद्धा नाही. तिथे नुकतीच 1906 ला लोकांनी भांडून मजलिस, म्हणजे संसद, मिळवली होती, राज्यघटना मिळवली होती, आणि त्या मजलिसला ही वाटणी करार झाल्यावर कळली. लेखात ह्याला 'डावाचा सुरेख शेवट' म्हटलंय. संपादक साहेब, कोणासाठी सुरेख?

आणि शेवट झालेलाच नाही. 1973 ला इराण-अफगाणिस्तान करार झाला, सामान्य वर्षात इराणला सरासरी सेकंदाला 26 घनमीटर पाणी, म्हणजे आमच्या हिशेबात 918 क्यूसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास. मार्च 2021 ला अफगाणिस्तानने धरण सुरू केलं ते कुठे, तर कमाल खानलाच, मॅकमहोनने जिथे वाटा ठरवला तिथेच. मे 2023 ला त्या सरहद्दीवर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. तेव्हा तुमच्याच पेपरात आत कुठेतरी चार ओळी होत्या, दोन कट्टर राजवटी भिडल्या अशा थाटाच्या. हामूनवर मासे धरून, लव्हाळ्याच्या होड्या चालवून, गाई राखून जगणारे लोक होते, तळी सुकली तशी ती गावं ओस पडत गेली. त्यांनी ना ड्युरंड पाहिला ना कोसॅक.

परवा सियागंजात हिंग घ्यायला गेलो होतो. दुकानदार ओळखीचा, त्याने डबा उघडून नाकाशी धरला, म्हणाला हा तिकडचा, इराण-अफगाणकडचा, सरहद्द बंद झाली की आमचा भाव चढतो. दुकानात पाच मिनिटं नाक झिणझिणत होतं आणि मी त्याला सीस्तान कुठे आहे ते गल्ल्यावरच्या कागदावर काढून दाखवत होतो. त्याने विचारलं, मग नदी कोणाची? मी नदी काढली, पण सीमा कुठून काढायची तिथे पेन थांबला.

माझी विनंती आहे की पुरवणीत ह्या विषयाचा दुसरा भाग घ्यावा, पाण्यावर आणि खर्चावर, आणि शक्य झालं तर इंदूरच्या रेसिडेन्सीच्या अंगाने, सआदत खानासकट. जागा कमी असेल तर माझं हे पत्र कापा, चालेल. फक्त लेखासोबत जो नकाशा छापला होता त्यात दोन रंगांत रशिया आणि इंग्रज होते आणि हेलमंद नव्हतीच. पुढच्या वेळी ती दाखवा, डोंगरापासून हामूनपर्यंत पूर्ण, आणि कमाल खानला एक ठिपका.

आपला,
एक जुना वाचक
इंदूर