दुपारी तीनची डुलकी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "तीन वाजले की ऑफिसात माझं डोकं बंदच पडतं गं, वय झालं आता." आई शेजारी होती म्हणून मी विषय वाढवला नाही. पण गेल्या वर्षी मीही असंच हसण्यावारी नेत होते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी कीबोर्डवर बोट टेकलेलं असतानाच मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा अहवालात अडीच पानं नुसतं एकच अक्षर उमटलेलं. गुपचूप पुसलं आणि कॉफी आणायला गेले. त्या दिवसाची ती चौथी. वर्षअखेरच्या शेऱ्यात साहेबांनी 'उत्साह कमी पडतो' असं लिहिलं, ते वाचून मी घरी येऊन रडले होते. तुला तेव्हा सांगितलं नाही.

कॉफीचं गणित मला फार उशिरा कळलं. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच झोप चढते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, पण अ‍ॅडेनोसिन काही जात नाही, ते दाराबाहेर ताटकळत राहतं. आणि अंगातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण 5 ते 6 तास लागतात. म्हणजे चारची कॉफी रात्री दहालाही अर्धी शिल्लक! अंथरुणावर मी टक्क जागी का, ते तेव्हा उमगलं. बाराच्या पुढे कॉफी बंद केली. पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं की विचारू नकोस, मग झोप लागायला लागली.

दुपारची सुस्ती मात्र पूर्ण जात नाही, आणि जायलाही नको. शरीराच्या घड्याळातच तो उतार आहे, न जेवताही येतो. त्या वेळेला मी आता आकडेमोड ठेवत नाही, फोन आणि फायली लावणं ठेवते. जमलं तर गजर लावून खुर्चीतच 20 मिनिटं डोळे मिटते. एकदा तासभर झोपले, तर उठल्यावर आपण कुठल्या देशात आहोत हेच आठवेना.

तरीही दोन जिने चढले की छाती धडधडायची, केस मूठमूठ गळायचे. हे काही झोपेचं नव्हतं. हिमोग्लोबिन 12.2, म्हणजे तसं बरं. डॉक्टरबाईंनी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं माप, तपासलं, ते निघालं 8. पंधराच्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. पाकिटात पैसे दिसतायत, पण बँकेतलं खातं रिकामं, तसं. एक दिवसाआड गोळी दिली, चहा-कॉफीबरोबर घ्यायची नाही ही ताकीद. साठा भरायला काही महिने लागतात, पण दीडेक महिन्यात एक दिवस जिना चढून वर आले आणि थांबलेच नाही, हे वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

म्हणून तू या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीबरोबर फेरिटिन, बी-12 आणि थायरॉइडचं विचार. तपासल्याशिवाय माझं ऐकून लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस, जास्त झालं तरी त्रासच. आणि भावोजी तुझ्या घोरण्याची नक्कल करतात ना, तेही डॉक्टरांना सांग. काहींचा श्वास झोपेत मधेमधे थांबतो, मग आठ तास झोपूनही माणूस दमलेलाच उठतो. सांगायची लाज वाटली तर भावोजींनाच बरोबर ने, नकलेसकट.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. आईला एवढ्यात कळू देऊ नकोस, नाहीतर तुझ्या झोपेचा हिशोब ती रोज मला फोन करून विचारेल, आणि इथे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

तुझी,
धाकटी